सूरजागडच्या निमित्ताने: खाण नको, तर पोरांनी करायचं काय?

रानवाट:
गडचिरोलीत सूरजागडसारख्या लोहखनिजाच्या खाणींना विरोध करणाऱ्या गावांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण काही गावांनी त्याचं उत्तर कधीच दिलंय, ते कोणी बघत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल सांभाळायचा आणि त्यातला माल विकायचा कायदेशीर हक्क, मिळाला. तरी बांबू बाहेर काढायचा तर वाहतूक परवाना वन खात्याच्याच हातात. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. मग बांबूची मजुरी गावात राहिली आणि नफाही ग्रामसभेच्या खात्यात आला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही बांबूवर हेच करून दाखवलं, आणि तेंदूच्या, म्हणजे विडीच्या, पानांसाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात म्हणून तेंदू घेणंच थांबवलं. अशा जंगलात खाण आणायची म्हणजे चालू रोजगार मोडायचा.

चामोर्शीकर:
मेंढ्याचं कौतुक मलाही आहे, पण जिल्ह्यात मेंढे किती? तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातले थोडे दिवस. पावसाळ्यात बांबूतोड बंद. ठेकेदाराने पैसे थकवले की ग्रामसभा वर्षभर चकरा मारते. बारावी, आयटीआय झालेल्या पोराला महिन्याच्या महिन्याला पगार हवा असतो, आणि त्यात गैर काय? कोनसरीत लोखंडाचा कारखाना आला, आता इकडची पोरं पुण्याला न जाता घरून कामाला जाऊ शकतात. शिवाय 2015 च्या जानेवारीआधीच्या लीजवर (खाणपट्ट्यावर) रॉयल्टीच्या 30 टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या भागासाठीच्या निधीत, जमा होते. एवढा पैसा मोहफुलातून कधी येणार?

भामरागड रोड:
पैसा जमा होतो, पण तो आधी खाणीच्या धुळीत राहणाऱ्या गावांना मिळायला हवा. एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर ट्रकांमागून दुचाकी घालून बघा. शेतात लाल गाळ आला की धानाचं काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. सूरजागडच्या डोंगरावर आदिवासींचा देव ठाकुरदेव आहे, त्याची भरपाई कोणत्या प्रतिष्ठानातून देणार? आणि हे फक्त आमचंच दुखणं नाही. सिंधुदुर्गात कळण्याला जुलै 2021 मध्ये खाणीत साचलेलं पाणी बांध फोडून गावात शिरलं, बागायती चिखलाखाली गेल्या.

रानवाट:
आणि गोवा विसरू नका. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्या, मार्चपासून खाणी थांबल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसं रस्त्यावर आली.

चामोर्शीकर:
हे तर माझ्याच बाजूचं झालं. खाण बंद पडल्यावर हाल झाले, चालू असताना घरं चालत होती ना?

रानवाट:
चालत होती. पण अख्खा तालुका एका लीजवर टांगला की ती गेल्यावर खाली काहीच उरत नाही. बांबू पुन्हा फुटतो, लोहखनिज एकदाच निघतं.

कुरखेड्याची:
मी कोरचीच्या बाजूला बायकांच्या गटांबरोबर काम करते. चामोर्शीकर दादांचा हंगामाचा मुद्दा खरा आहे, तो टाळू नका. मोहफूल वेचल्या वेचल्या विकावं लागतं, कारण घरात तेल-मीठ आणायचं असतं. तोच व्यापारी पुढे चढ्या भावाने विकतो. गोदाम आणि चार महिने थांबायला खेळतं भांडवल मिळालं तर हिशेब बदलतो. जांभळाचंही तसंच, शीतगृह नसेल तर दोन दिवसांत नासतं. झेंडेपारच्या खाणीला विरोध करणाऱ्या कोरचीच्या ग्रामसभा महाग्रामसभा म्हणून एकत्र आल्या, म्हणून ठेकेदाराशी भाव करायची ताकद आली. खनिज प्रतिष्ठानाचा पैसा या गोदामांना द्या की.

चामोर्शीकर:
गोदामाचं पटलं. पण मला सरळ सांगा, एखाद्या ग्रामसभेने खाणीला हो म्हटलं तर मान्य कराल?

रानवाट:
करीन. ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीबद्दल 2013 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभांना विचारलं आणि बाराही नाही म्हणाल्या. हो आलं असतं तर तेही मानावं लागलं असतं. अट एवढीच, आधी वनहक्काचे दावे निकाली काढा आणि सभा त्याच गावात, तिथल्या माडिया भाषेत समजावून घ्या. सूरजागडच्या विस्ताराची 2022 ची जनसुनावणी खाणीपासून कितीतरी दूर, गडचिरोलीत झाली. त्याला मी विचारणं म्हणणार नाही.

चामोर्शीकर:
सुनावणी एटापल्लीतच व्हायला हवी होती, हे मान्य. खाण हवी हे माझं मत मात्र कायम आहे.