मदत हवी आहे: गोव्यात चार दिवसांसाठी सॉफ्ट टॉप (कापडी छताची) थार, थेट मालकाकडून

डिसेंबरात चौघे, मडगावहून गाडी घ्यायची. मालक म्हणतो, "पांढरी पाटी आहे, कुणी अडवलं तर मित्राची गाडी सांगा." हे नकोच. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, आणि खासगी विम्यात भाड्याचा वापर धरलेला नसतो. ठोकली तर कंपनी दावा नाकारू शकते आणि परवान्याशिवाय भाड्याने दिल्याचा दंड वेगळा. सेल्फ ड्राइव्हची, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी.

विचारायचंय ते असं:

काळ्या पाटीची गाडी देणारा वैयक्तिक मालक दक्षिण गोव्यात कुणाला माहीत आहे का? फिटनेस, विमा आणि वाहनाचा वर्ग एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर बघेनच, पण परवान्याची प्रत मालक सहज देतात का?

अनामत रकमेच्या करारात नुकसानीची कमाल मर्यादा कशी लिहून घेता? ताबा घेताना ओडोमीटर, इंधनाचा काटा, टायरच्या कडा, बंपरची खालची बाजू आणि कापडी छताच्या चेन यांचा सलग व्हिडिओ काढणार आहे. छताच्या खिडक्यांचं प्लॅस्टिक ओरखडतं आणि भांडण तिथेच होतं.

गाडी चोर्ला घाटातून बेळगावला न्यायची झाल्यास राज्याबाहेरची परवानगी करारात वेगळी लागते का?

(किनाऱ्यावर गाडी उतरवायची नाही, ते बेकायदा आहे. तो सल्ला कृपया नको.)