मदत हवी आहे: आईचा सीए १२५ सहाशेच्या वर, सीटीत कॅन्सर लिहिलंय, बायोप्सी न करता किमो सुरू करावी का? (सोलापूर)

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांपासून इथं नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आईचं वय ५४, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, आई घरी विड्या वळते, शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. गड्ड्याच्या यात्रेपासून म्हणायला लागली की पोट फुगायलंय, दोन घास खाल्ले की गच्च होतंय. आम्हाला वाटलं गॅस, ओवा झाला, हिंग झालं, गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. मग एक दिवस बायको मला आत घेऊन गेली आणि दोरीवर वाळत घातलेला आईचा परकर दाखवला, नाडीवर जुन्या गाठीचा काळपट वळ होता आणि नवी गाठ त्याच्यापासून चार बोटं पुढं, पार टोकाला. हातपाय मात्र काड्या झालेले. त्याच दिवशी सोनोग्राफीला नेलं.

पोटात पाणी निघालं आणि दोन्ही ओव्हरीवर गाठी. रक्तात सीए १२५ (ओव्हरीच्या कॅन्सरचा संशय आला की करतात ती रक्ततपासणी) आला ६१२, रिपोर्टवर बाजूला ३५ पर्यंत नॉर्मल असं छापलेलं. मग सीटी झाला. त्यात लिहिलंय की ओव्हरीत घट्ट गाठी, ओमेंटम जाड झालेलं, भरपूर पाणी, ओव्हरीचा कॅन्सर पोटात पसरल्याची शक्यता, आणि खाली नेहमीसारखं क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंट तपासून जुळवून बघा. पोटातलं दीड लिटर पाणी काढलं, पिवळसर होतं, तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, लिंफोसाईट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आहेत असं आलं.

आता ज्या दवाखान्यात नेलंय (नाव लिहित नाही) तिथं डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडं धरली आणि सांगितलं, तिसरी स्टेज, सोमवारी ऍडमिट करा, किमो सुरू करू, एवढं क्लिअर असताना तुकडा काढायची गरज नाही. पाण्यात पेशी कशा सापडल्या नाहीत विचारलं तर म्हणले असं होतं. दुसरीकडं माझे मामा म्हणायलेत की तुकडा काढूच नको, सुई लावली की कॅन्सर पसरतो, त्यांच्या ओळखीत एकाचं तसं झालंय म्हणे. अण्णा काहीच बोलत नाहीत. आणखी एकाने सांगितलं पुण्याला जाऊन पेट सीटी करा म्हणजे सगळं कळेल.

मला एवढंच पाहिजे की आईला किमोची सलाईन लावायच्या आधी हा कॅन्सरच आहे हे कुणीतरी नक्की सांगावं, हे मागणं चुकीचं आहे का? आईला अजून सांगितलेलं नाही, पोटात पाणी झालंय एवढंच माहिती आहे, काल म्हणत होती पानं भिजवून ठेवलीत, सोमवारी गेले तर वाया जातील. आणि एक गोष्ट मला रात्री झोपू देईना, दरवर्षी हिची रक्ततपासणी केली असती तर हे लवकर सापडलं असतं का?

निशिगंध

दादा, मी रेडिओलॉजीची रेसिडेंट आहे. तुमच्या आईंना मी बघितलेलं नाही, त्यामुळं निदान सांगू शकत नाही, पण तुमचं मागणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर अडून बसा.

सीए १२५ फक्त कॅन्सरच्या पेशी सोडतात असं नाही. पोटाच्या आतून जे पातळ अस्तर असतं ना, पेरिटोनियम, त्याला कशानेही सूज आली तरी ते रक्तात वाढतं. पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस, लिव्हर खराब होऊन झालेलं पाणी, एवढंच काय प्रेग्नन्सीत आणि पाळीच्या दिवसांत सुद्धा थोडं वाढतं. टीबीत तर पाचशे, हजार असे आकडे मी स्वतः बघितलेत. आम्ही एक हिशेब पण करतो, सीए १२५ ला सोनोग्राफीच्या मार्कांनी (तुमच्या आईंचे ३) आणि पाळी गेली असेल तर तीनने गुणायचं. तुमच्या आईंचं ६१२ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे ५५०८ होतं, आणि २०० च्या वर गेलं की पेशंट कॅन्सर सर्जनकडं पाठवायचा. डॉक्टरांना कॅन्सर वाटला यात त्यांचं काही चुकलं नाही, तो पहिला संशय असायलाच पाहिजे. पण पोटाच्या टीबीत पाणी, गाठी, सीए १२५ सगळंच वाढलेलं असतं, त्यामुळं हाच हिशेब तिथंही तसाच येतो.

सीटीचं पण तेच. ओमेंटम म्हणजे आतड्यांवर ॲप्रनसारखा लोंबणारा चरबीचा पडदा, दोन्हीत तो जाड होतो. टीबीत अस्तर सगळीकडं सारखं, गुळगुळीत जाड होतं आणि लिंफ नोडच्या मधला भाग काळा दिसतो, कॅन्सरमध्ये ओबडधोबड गाठीगाठी दिसतात, असं पुस्तकात आहे, पण प्रत्यक्षात स्क्रीनवर बसल्यावर दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. आमचे सर म्हणतात फोटो बघून संशय लिही, नाव तुकडा बघणारा लिहील.

पेट सीटीने हे भांडण मिटणार नाही. त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, कॅन्सरची पेशी ते अधाशासारखं ओढते म्हणून चमकते, पण टीबीशी लढणाऱ्या पेशी सुद्धा ते तसंच ओढतात. कॅन्सर ठरल्यावर कुठंकुठं पसरलाय बघायला पेट चांगला, आत्ता त्यासाठी पुण्याची खेप नका करू.

मामांच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे तो सांगते. ओव्हरीत एकटीच गाठ असेल, बाहेर काही नसेल, तर तिच्यात सुई घालत नाहीत, कारण ती फुटली तर आतलं पोटात सांडू शकतं, अशी गाठ अखंड काढतात. पण तुमच्या आईंचं ओमेंटम आधीच जाड झालंय, तिथून सोनोग्राफीत बघत बघत लोकल भूल देऊन तुकडा घेणं हा रोजचा प्रकार आहे, तो घेतला म्हणून आजार वाढत नाही. तिथून नाही जमलं तर दुर्बिणीतून घेतात.

संध्याकाळचा ताप येतो का? घरात, शेजारी कुणाला टीबी झाला होता का? आणि ते काढलेलं पाणी लॅबमध्ये शिल्लक असेल तर एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) करायला सांगा, साधारण ३९ च्या वर आला तर टीबीचा संशय बराच वाढतो. सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारी रक्ततपासणी) पण बघा, जठर किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर ओव्हरीपर्यंत येऊन असंच चित्र करतो.

कंबरतलाव

माझ्या बायकोचं हुबेहूब हेच झालं होतं भाऊ, तिचं वय तेव्हा ३१, सीए १२५ चारशेच्या पुढं, सगळ्यांनी कॅन्सर ठरवून टाकला, सासूबाईंनी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. एका सर्जनने दुर्बीण घातली, आत सगळीकडं साबुदाण्यासारखे पांढरे दाणे, तुकडा पाठवला, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पहिल्या दोन महिन्यात पोट उतरलं, सीए १२५ पण खाली आला. आज धडधाकट आहे. छातीचा एक्सरे तिचा एकदम स्वच्छ होता हे मुद्दाम सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल छाती साफ आहे म्हणजे टीबी नाही.

बार्शीवाली

वरचं वाचून तुम्हाला धीर आला असेल, पण दुसरी बाजू पण लिहिते, राग मानू नका. माझ्या आईला पाणी झालं तेव्हा एका डॉक्टरने टीबीच असणार म्हणून तुकडा न काढता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. दोन महिने आम्ही गोळ्यांचा गुण येईल म्हणून वाट बघत बसलो. शेवटी बायोप्सी झाली आणि ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ते दोन महिने मला अजून बोचतात. तेव्हा नुसत्या अंदाजावर टीबीचं औषध पण सुरू करू देऊ नका, कुठल्याच बाजूला.

आणि कॅन्सर निघाला तरी तो तुकडा कामाला येतो. त्याच्यावर आयएचसी नावाच्या टेस्ट करून कॅन्सर ओव्हरीचाच की दुसरीकडून आलेला, कोणत्या जातीचा, हे ठरतं. आईची ब्राका जीनची (घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरचा जीन) तपासणी झाली, त्यावरून पुढची गोळी ठरली आणि आम्हा दोघी बहिणींना पण तपासायला सांगितलं. सीए १२५ चा खरा उपयोग मला तेव्हा कळला, प्रत्येक किमोनंतर आकडा खाली उतरताना दिसायचा.

आमचं सगळं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये झालं, सोलापूरहून एसटीने दीड-दोन तास. मुंबईला टाटाला जायचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर आहेच, पण आधी टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या डॉक्टरांचं मत 'नव्या' वरून ऑनलाइन पण घेता येतं. कुठंही जा, सीटीची सीडी मागून घ्या. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो कुणाच्या उपयोगाचा नसतो.

टॉवेलवाला

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू कळेना. निशिगंध ताई, तुम्ही विचारलं म्हणून बायकोला विचारलं तर ती म्हणली संध्याकाळी आत्यांचं अंग रोज कोमट लागतं, पहाटे उशी ओली असते, आम्ही उन्हाळा म्हणून सोडून दिलं होतं. आणि आईच्या शेजारी बसून विड्या वळणारी जी बाई आहे तिला दोन वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स झाला होता, दोघी रोज एकाच सुपात तंबाखू घेऊन बसायच्या. लॅबमध्ये गेलो तर पाणी टाकून दिलं होतं. सीईए करून घेतला, १.८ आला.

बार्शीवाली ताई, राग कसला, तुम्ही लिहिलं ते बरंच झालं, नाहीतर मी कंबरतलाव भाऊंचं वाचून टीबीच धरून बसलो होतो. सोमवारचं ऍडमिशन रद्द केलं, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. दरवर्षी तपासणीचं मी विचारलं होतं त्यावर कुणी सांगेल का.

निशिगंध

ते राहिलंच. दादा, ते ओझं खाली ठेवा. इंग्लंडमध्ये दोन लाखांवर बायकांना घेऊन हेच करून बघितलं, काहींची दरवर्षी सीए १२५, काहींची सोनोग्राफी, वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये शेवटचा निकाल आला, ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना काहीच त्रास नाही, घरात कुणाला नाही, त्यांची दरवर्षी सीए १२५ करा असं म्हणूनच कुणी सांगत नाही. तुम्ही ती केली असती तरी कदाचित आज इथंच असतो.

ज्याची तपासणी खरंच जीव वाचवते तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, आणि त्याचा पुरावा तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला, वय ३० ते ५९, २००९ मध्ये छापून आला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणी केली तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. वहिनी तिशीच्या पुढच्या असतील तर त्यांची ही करून घ्या.

सीईए कमी आहे हे चांगलं, आतड्याकडून आलेलं असण्याची शक्यता त्याने कमी होते. ताप आणि शेजारीण हे दोन्ही नव्या डॉक्टरांना आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा. आणि एक अगदी महत्त्वाचं, तुकडा काढतील तेव्हा दोन बाटल्या लागतील. एक फॉर्मेलिनची, पॅथॉलॉजीला. दुसरी नॉर्मल सलाईनची, टीबीच्या जीन एक्सपर्ट (जंतू लवकर ओळखणारी टेस्ट) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघतात ते). सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला तर टीबीचा जंतू मरतो, कल्चर होतच नाही. घाईत हे राहून जातं, तुम्ही स्वतः उभं राहून विचारा.

टॉवेलवाला

अपडेट. काल बायोप्सी झाली. नवीन डॉक्टरांनी सगळे कागद टेबलावर पसरून अर्धा तास बघितले आणि म्हणले दोन्ही शक्य आहे, तुकड्याशिवाय मी औषध लिहिणार नाही. सोनोग्राफीत बघून चार तुकडे घेतले, आई म्हणली मुंगी चावल्यासारखं झालं. पाणी परत काढलं, एडीए ४४ आला, डॉक्टर म्हणले टीबीकडं झुकतंय पण कॅन्सरमध्ये पण कधी कधी वाढतो, थांबू. सिस्टरांनी सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकायला घेतले होते, मी सलाईनच्या बाटलीचं विचारलं तेव्हा डॉक्टरच म्हणले बरोबर आहे, वेगळं ठेवा. सुतासारखे पांढरे बारीक तुकडे होते, सुताच्या कारखान्यात काम करतो म्हणून तसंच दिसलं मला. सलाईनची बाटली बर्फाच्या डब्यात घालून मी स्वतः गाडीवर लॅबला पोचवली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बुधवारी, कल्चरला सहा आठवडे लागू शकतात म्हणले.

आईला पण सगळं सांगितलं, कॅन्सर किंवा टीबी, दोन्ही नावं घेऊन. थोडा वेळ गप्प बसली. मग एकच विचारलं, टीबी असला तर नातू माझ्याजवळ झोपतो, त्याला लांब ठेवायचं का? चार दिवसांपासून ती त्याला जवळ घेईना गेलीय, तो दारात उभा राहून रडतो. काय सांगू तिला?

निशिगंध

खोकला आहे का त्यांना? छातीचा एक्सरे झाला का?

टॉवेलवाला

खोकला अजिबात नाही. एक्सरे नवीन डॉक्टरांनी काढला, साफ आहे म्हणले.

निशिगंध

मग छातीत नाही असं दिसतंय, आणि पोटातला टीबी श्वासातून पसरत नाही. खात्रीला डॉक्टरांना एकदा विचारा, टीबी ठरला तर घरातल्या सगळ्यांना, बाळाला पण, तपासतीलच. आज रात्री झोपू दे त्याला आजीजवळ.