जुन्या व्यावसायिक कुस्तीच्या व्हिडिओ कॅसेट: आधी कोणत्या जपाव्यात?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

माझे मामा नव्वदच्या दशकात आमच्या गावात व्हिडिओ सेंटर चालवीत असत. त्यांच्या कवेलूच्या घराच्या माळ्यावरची व्हीएचएस कॅसेटची पेटी आता माझ्याकडे आली आहे. तीत डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या कार्यक्रमांच्या काही छापील, म्हणजे विक्रीसाठी काढलेल्या, कॅसेट आहेत. १९८७चा रेसलमेनिया ३ कोलिझियम व्हिडिओ या प्रकाशकाचा आहे, तर १९९२चा समरस्लॅम सिल्व्हर व्हिजन या प्रकाशकाचा. उरलेल्या कॅसेटवर मामांनी केबलवरून कुस्त्या उतरवून घेतल्या असून तारखा पेन्सिलीने लिहिल्या आहेत. काहींच्या फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. घरच्या कॅसेट बाजूला सारून छापील संच पूर्ण करावा, असा माझा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर १ (वरोरा, जि. चंद्रपूर)

संच जरूर पूर्ण करा, परंतु घरच्या कॅसेट बाजूला सारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रेसलमेनिया ३मध्ये हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटले, ते दृश्य जगभर असंख्य प्रतींत सुरक्षित आहे. मामांनी ज्या आठवड्यात जे प्रक्षेपण उतरवले, त्यातील जाहिराती, निवेदन आणि मधले खंड यांसह त्याची दुसरी प्रत कदाचित कोठेही नसेल. आपल्या गावांत ही कुस्ती ज्या रूपात पाहिली गेली, त्याचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

छापील संचाबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड या निसर्गसंवर्धन संस्थेबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ याच आद्याक्षरांवरून झालेल्या न्यायालयीन वादानंतर कंपनीने २००२मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई हे नाव घेतले आणि त्यानंतर २०१२पर्यंत काढलेल्या अनेक आवृत्त्यांत जुने बोधचिन्ह धूसर केले, तसेच निवेदकाच्या तोंडची जुनी आद्याक्षरेही कापली. हक्कांच्या कारणाने मल्लांच्या प्रवेशाचे संगीतही काही ठिकाणी बदलले गेले. त्यामुळे मूळ कार्यक्रम जसाच्या तसा पाहायचा असेल, तर नव्या डीव्हीडीपेक्षा त्या काळातील कॅसेटच अधिक विश्वासार्ह ठरते, जरी आरंभीच्या काही कॅसेटांत लांबीच्या मर्यादेमुळे लढती छाटलेल्या असल्या तरी. या व्हिडिओंचे आर्थिक मोल किती होते, हे निवेदक जेसी व्हेंचुरा यांच्या दाव्यावरून कळते. आपल्या आवाजाच्या व्हिडिओंवरील मानधनासाठी ते न्यायालयात गेले आणि १९९४मध्ये ज्युरीने त्यांना सुमारे ८ लाख डॉलर देवविले.

उत्तर २ (अचलपूर, जि. अमरावती)

पांढरी भुकटी ही बुरशी असण्याचा संभव फार आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, कारण फीत वाचणाऱ्या हेडला बुरशी लागली की पुढची प्रत्येक कॅसेट दूषित होते. बाधित कॅसेट आधी वेगळ्या डब्यात ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या.

साठवणीचा प्रश्न आपल्याकडे विशेष कठीण आहे. चुंबकीय फितीला सुमारे १८ ते २० अंश तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, तर आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून टिनाखाली किंवा माळ्यावर कॅसेट मुळीच ठेवू नयेत. तथापि कूलरची खोलीही टाळावी, कारण तिथली हवा गार असली तरी ओलसर असते. मातीच्या जाड भिंतींची आतली खोली सर्वांत बरी. तेथे कॅसेट, आतली फीत एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, पुस्तकाप्रमाणे उभ्या ठेवाव्यात.

उत्तर ३ (मेहकर, जि. बुलढाणा)

कॅसेट चालविण्यापूर्वी तिची चित्रप्रणाली पाहा. कोलिझियमच्या अमेरिकी कॅसेट ५२५ रेषांच्या एनटीएससी प्रणालीच्या असतात. आपल्याकडील व्हीसीआर आणि ब्रिटनच्या सिल्व्हर व्हिजनच्या कॅसेट ६२५ रेषांच्या पाल प्रणालीच्या. केवळ पाल चालविणाऱ्या यंत्रात अमेरिकी कॅसेटचे चित्र स्थिर राहत नाही, म्हणून दोन्ही प्रणालींचे जुने यंत्र शोधावे लागेल. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले, त्यामुळे चालू स्थितीतील यंत्र मिळाले तर किमतीत फार घासाघीस करू नये.

संगणकावर उतरवताना पुष्कळ छापील कॅसेटांना मॅक्रोव्हिजनचे नक्कलविरोधी संरक्षण आडवे येते आणि चित्राचा उजेड कमीजास्त होत राहतो. केबलवरून घेतलेल्या कॅसेटांना बहुधा ही अडचण नसते, म्हणजे ज्यांची दुसरी प्रत नाही त्याच उतरवायला सोप्या आहेत. प्रती स्वतःच्या संग्रहापुरत्याच ठेवाव्यात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पावसाळ्याआधी बुरशीच्या कॅसेट वेगळ्या करतो आणि पेन्सिलीच्या तारखा वहीत उतरवून घेतो. त्यानंतर प्रथम मामांच्याच कॅसेट संगणकावर घेईन. समरस्लॅममधील ब्रेट हार्ट आणि ब्रिटिश बुलडॉगची लढत नंतरही पाहता येईल. दोन्ही प्रणालींचा व्हीसीआर अमरावती किंवा अकोल्याकडे कोणाजवळ विकाऊ असल्यास येथे कळवावे.