मदत हवी आहे: जुन्या एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) पुढचा शॉकअप बदलायचाय, कुठला घेऊ?

पावसवारी: लवकर सांगा, पाऊस तोंडावर आलाय. रोज पावस ते रत्नागिरी आणि परत, दोन्ही वेळचे मिळून दोन तास. पुढचा शॉकअप बसलाय. दाबला की खाली जातो आणि वर यायला विचार करतो. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे खड्ड्यात गेलं की टणकन मनगटात लागतं. इथला दुकानदार म्हणे, "टाका हो ती, नवी घ्या." सायकल टाकायची नाहीये. शॉकअप सांगा.

सूतभर: कुठली सायकल? चाक किती इंची? ब्रेक कुठले? फोर्कची, म्हणजे शॉकअपच्या अख्ख्या दुपायी भागाची, वर फ्रेममध्ये जाणारी नळी किती जाड? एवढं न सांगता शॉकअप सांगा म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागवण्यासारखं आहे.

बुलेटराजा: ऑइल सील बदल आणि फोर्क ऑइल नवीन घाल. माझ्या गाडीला तसंच झालं होतं, दोन तासांत काम.

पावसवारी: अहो, सायकल आहे, मोटारसायकल नाही. २६ इंची, २०११ ची. नळीचं कसं मोजायचं?

सूतभर: हँडलचा स्टेम काढ आणि नळीला व्हर्नियर लाव. २८.६ मिमी आली तर एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), बिनआट्याची. बहुतेक तीच असेल. २५.४ आली आणि वर आटे दिसले तर वेगळी गोष्ट. आणि खाली दीड इंचाची होणारी, निमुळती नळी असलेला फोर्क चुकूनही घेऊ नकोस, तुझ्या फ्रेममध्ये जाणारच नाही. ब्रेकचं अजून सांगितलं नाहीस.

खाडीकाठ: एअर फोर्क घे, स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा, आणि मोकळा हो. वजन कमी, हवा आपल्या वजनाप्रमाणे भरता येते. मी चार वर्षं वापरतोय.

चिमटाप्रेमी: रोजच्या ऑफिसला एअर फोर्क? काही कंपन्या दर ५० तासांनी खालचे पाय काढून सफाई करायला सांगतात. रोज दोन तास, म्हणजे महिन्याला एकदा ओट्यावर फोर्क उघडून बसायचं का याने? शिवाय त्याचा वेगळा पंप लागतो, साध्या पंपाने हवा नीट बेतता येत नाही. सरळ लोखंडी चिमटा लाव, म्हणजे शॉकअप नसलेला साधा फोर्क. सडायला आत काही नाही.

खाडीकाठ: तुम्हाला मनगटं नाहीत का? जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर चिमट्याने एक फेरी मारून दाखवा.

चिमटाप्रेमी: रोज मारतो. टायर १.९५ आहे आणि हवा दगडासारखी भरत नाही. धागाकर्ते, तुम्ही किती भरता?

पावसवारी: ६५ पीएसआय. दुकानदार भरतो तेवढी. टायरवर तेवढंच लिहिलंय.

चिमटाप्रेमी: ती कमाल मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. ४० वर आणून बघा, मग शॉकअपला शिव्या द्या.

देवगडवालो: खारो वारो कोणाक सोडूक नाय. माझ्या सायकलचे नळये असेच खाल्ले. त्यात मासळीच्या गाड्येतला पाणी रस्त्यार, ता तर लोखंडाक थेट इख.

बाजारहाट: मासळीच्या पाण्याचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

पावसवारी: ब्रेक साधे, रबरवाले, रिमला लागणारे. महत्त्वाचं आहे का हे?

सूतभर: हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं! व्ही-ब्रेकला, म्हणजे तुझ्या त्या रबरवाल्यांना, फोर्कवर दोन खुंट लागतात. बाजारात आता बहुतेक फोर्क डिस्कचे, खुंटच नाहीत. तसा घेतलास तर पुढचं चाक, हब, ब्रेक सगळं बदल. सनटूर एक्ससीटीसारखा खुंटवाला शोध, नाहीतर चिमट्यालाही खुंट आहेत का बघ. दुसरं म्हणजे उंची: अॅक्सलपासून वरच्या बैठकीपर्यंत. ८० मिमी दबणाऱ्या फोर्कची ४५० च्या आसपास असते. ४०० चा चिमटा लावलास तर पुढचं तोंड खाली पडेल, हँडल चळेल, पेडल दगडांना लागतील.

पावसवारी: रात्री उघडला. उजव्या पायातून चहाच्या रंगाचं पाणी निघालं, अर्धी वाटी. खाली स्प्रिंग, गंजून लालभडक. डावीकडे रबरासारखं काहीतरी होतं, बोटाने चुरलं. वरच्या चकचकीत नळीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडलेत, नखाला लागतात.

सूतभर: नखाला लागतात म्हणजे नवीन सीलही ते खड्डे महिनाभरात फाडतील. तेल-बिल विसर. फोर्क गेला.

बुलेटराजा: मी म्हटलंच होतं, सील.

खाडीकाठ: म्हणून सांगतोय, एअर.

पावसवारी: नाही हो, पाऊस संपेपर्यंत तरी चिमटा. ४३० चा, खुंटवाला, एक मिळतोय. हवाही ४० केली. मनगटाला फरक आहे, एवढा की जरा लाज वाटली. पण नव्यावर बसवायला जुन्याच्या फ्रेममधल्या नळीच्या बुडाशी असलेली रिंग निघत नाहीये. हातोडी मारू का?

सूतभर: एका बाजूने मारलीस तर वाकेल. चपटी पटाशी लाव, चारही बाजूंनी फिरत फिरत हलकं ठोक. आदल्या रात्री तेल सोडून ठेव.

बाजारहाट: ती जुनी स्प्रिंग टाकणार असाल तर मला द्या, गेटला लावायचीय.