मदत हवी आहे: मंगेशीच्या दीपस्तंभाची कागदी प्रतिकृती, यंत्राने कापलेले भाग रेषेवर बसत नाहीत

कागदगंध (धागाकर्ती)
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. मंगेशीच्या दीपस्तंभाची कागदी प्रतिकृती करते आहे. आराखडा माझाच, अष्टकोनी, सात मजले, प्रत्येक बाजूला कमानीचा कोनाडा. छापलेला कागद संगणकाला जोडलेल्या कापणी यंत्रात घातला की वरच्या डाव्या कोपऱ्यात कापणी अगदी रेषेवर येते, पण खाली उजवीकडे पोचेपर्यंत पाच मिलिमीटर सरकलेली असते. कमानींचे कोपरे फाटतात, कडेला लव येते. तोच कागद हाताने कापला तर मजल्यावर मजला नीट बसतो. चवथीच्या आधी काम संपवायचंच आहे. यंत्र बाजूला ठेवून हाताने कापू का, की एखादं सेटिंग राहिलंय? कृपया व्हिडिओ बघा म्हणू नका, बघून झालेत.

मास्तर_डिचोली
हाताने कापा. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: हाताने कापलेले बसते, यंत्राचे बसत नाही. सर्जिकलच्या दुकानातून ११ नंबरचे ब्लेड आणि त्याला बसणारे ३ नंबरचे हँडल आणा. स्टेशनरीतल्या जाड कटरने कोनाड्याची कमान कधीच सुबक येत नाही. आधी आतल्या सगळ्या कमानी कापायच्या आणि बाहेरची कड शेवटी, नाहीतर धरायला कागदच उरत नाही. कमान कापताना ब्लेडचा हात जागचा हलवू नका, डाव्या हाताने कागद फिरवा. टोक बोथट होऊ लागले की कापताना आवाज बदलतो, कागद चिरण्याऐवजी ओढल्यासारखा खरखरतो. तेव्हा ब्लेड लगेच बदलायचे.

म्हापशेकार
कोणतं यंत्र? कागद किती जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅमचा? छपाई घरची की दुकानातली? इंकजेट की लेझर? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दर्यावर्दी
कागदाऐवजी तीन मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) घ्या आणि लेझरवर कापून आणा. वर्षानुवर्षं टिकेल, दमट हवेत वाकणार नाही. मी तसाच पुलाचा नमुना केलाय.

कागदगंध
दर्यावर्दी, मला कागदाचंच हवंय.
म्हापशेकार, सिल्हूट कॅमिओ ४ आहे. कागद साधी कार्डशीट. छपाई दुकानातली. पण मशीन कापतंय चुकीचं, त्यात छपाईचा काय संबंध?

म्हापशेकार
सगळा संबंध तिथेच आहे. यंत्राला तुमची रेषा दिसत नाही. कागदाच्या कोपऱ्यांत छापलेल्या तीन खुणा ते शोधतं, वर डावीकडे काळा चौकोन आणि इतर दोन कोपऱ्यांत काटकोनी रेघा. त्यावरून चित्र कुठे आहे ते ठरवतं आणि मग पातं चालवतं. तुमच्याकडे त्या खुणा वाचल्या जातात का?

कागदगंध
नाही. खुणा सापडल्या नाहीत म्हणून सारखं थांबतं. म्हणून त्या बंद केल्यात. कागद यंत्राच्या चिकट मॅटच्या कोपऱ्याला नीट लावते, वरचा डावा कोपरा डोळ्यांनी जुळवते आणि थेट कापायला सांगते. २१० जीएसएम.

म्हापशेकार
आता उलगडा होतोय. एक मोजमाप करून सांगा. फाइलमध्ये २०० मिलिमीटरची कोणतीही एक रेघ निवडा आणि छापील कागदावर तीच रेघ स्टीलच्या पट्टीने मोजा. प्लास्टिकच्या पट्टीने नको.

पेडण्याचो
क्रिकट कंपनीचं यंत्र घेतलं असतं तर हा त्रास नसता. एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या चित्राची फाइल फुकटात उघडते. सिल्हूटच्या सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती एसव्हीजीही उघडत नाही आणि पीडीएफही नाही, त्यासाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते.

म्हापशेकार
पेडण्याचो, त्यांच्याकडे यंत्र आधीच आहे. आणि क्रिकटच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरला इंटरनेट लागतं, पावसात आमच्याकडे ते किती टिकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय छापून कापायच्या चित्राला तिथे आकाराची मर्यादा आहे, ए फोर पानभर चित्र मावत नाही.

पेडण्याचो
मर्यादा आता पूर्वीइतकी नाही. आणि काम मोबाइलच्या नेटवर भागतं.

आजोळ_प्रियोळ
तुम्ही मंगेशी निवडलीत याचा फार आनंद झाला. मूळ देवस्थान कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होते. १५६० साली देव तिथून नदीपलीकडे प्रियोळला आणले. प्रतिकृतीसोबत एवढी माहिती छापून एक छोटा कागद जरूर ठेवा. मुलांना दीपस्तंभ दिसतो, पण देऊळ इथे का आले ते कुणी सांगत नाही.

दर्यावर्दी
दीपस्तंभापेक्षा तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ करा. कदंब काळातलं, बसॉल्टचं. करायला जास्त मजा.

आजोळ_प्रियोळ
तांबडी सुर्ल्याच्या शिखरावरचे कोरीवकाम कागदात उतरवायचे तर वेगळा अभ्यास लागेल. सपाट बाजूंचा अष्टकोन कागदाला मानवतो. ताईंची निवड योग्य आहे.

कागदगंध
मोजलं. २०० ची रेघ छापील कागदावर एकशे साडेचौऱ्याण्णव भरते. म्हणजे काय?

म्हापशेकार
म्हणजे छपाई साधारण ९७ टक्क्यांवर झालीय. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पान लेटर या अमेरिकी आकाराचं आहे का बघा. लेटर २१६ मिलिमीटर रुंद, ए फोर २१०. दुकानातल्या प्रिंटरने लेटरचं पान ए फोरवर मावेल असं लहान केलं. २१० भागिले २१६ करून बघा, ९७ टक्क्यांच्या आसपासच येतात. यंत्र मात्र मूळ आकारानेच कापतंय. म्हणून एका कोपऱ्यात जुळतं आणि लांब गेलं की फरक वाढत जातो, १८ सेंटिमीटरवर जवळपास पाच मिलिमीटर. खुणाही त्याच कारणाने सापडत नाहीत, त्या ठरलेल्या जागी नाहीतच.

आणि मास्तर, हाताने का बसतं तेही यातच आहे. हात छापलेल्या रेषेवरून जातो. सगळे भाग सारख्याच प्रमाणात लहान झालेत, त्यामुळे ते एकमेकांत बसतात. अख्खा दीपस्तंभ तीन टक्के बुटका होतो, एवढंच.

मास्तर_डिचोली
गणित मान्य. पण हाताला पान लेटर आहे की ए फोर, याने काही फरक पडत नाही हेही त्यातून दिसते. आणि कमानींची लव? ती काही छपाईने येत नाही.

म्हापशेकार
ती कागदाने येते. खुणांचं आधी सांगतो. पान ए फोर करा. पीडीएफ करून पेनड्राइव्हवर देत असाल तर दुकानात समोर उभं राहून "ॲक्चुअल साइझ" निवडायला लावा, "फिट" नको. फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ कायमची ठेवा आणि पहिला कागद निघाला की ती तिथेच मोजा. चकचकीत कागद किंवा लॅमिनेशन नको, चकाकीमुळे खुणा वाचता येत नाहीत. यंत्र खिडकीच्या उन्हात असेल तर हलवा.

खाजन_कांठ
लवेबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरात जूनपासून हाच उद्योग चालतो. कागद सादळलाय. तंतूंनी पाणी धरलं की कार्डशीट मऊ पडते आणि बारीक वळणावर पातं तिला कापण्याऐवजी ओढतं. शिवाय कागद सगळीकडे सारखा फुगत नाही, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. लेझर प्रिंटरमधून निघालेला कागद गरम आणि कोरडा असतो, मग रात्रभर हवेतलं पाणी पिऊन वाकतो. संध्याकाळी छापून दुसऱ्या दिवशी कापलंत तर पावसाळ्यात फरक पडणारच. छापल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कापायच्या वेळी एकेकच कागद बाहेर काढा. एसीची खोली असेल तर यंत्र तिथे न्या. पातं नवीन घाला, वेग कमी करा, एका खोल कापाऐवजी दोन हलके काप द्या. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर टेस्ट कट. त्यात यंत्र कापतं तो छोटा चौकोन त्रिकोणासकट स्वच्छ सुटला तरच पुढे.

आणखी एक. कापून झाल्यावर कागद मॅटवरून उचलू नका. मॅट पालथी घाला, कागद टेबलावर तळहाताने दाबून धरा आणि मॅट वाकवून त्याच्यापासून सोलत न्या. कोपरे फाटण्याचं निम्मं कारण कागद उचलण्यातच असतं. नवी मॅट फार चिकट असेल तर आधी स्वच्छ सुती कापड दाबून तिचा चिकटपणा थोडा कमी करा.

कागदगंध
पान खरंच लेटर होतं. आज परत छापून आणते. कागद उघड्या कपाटात असतात, तेही हलवते. पण वेळेचं सांगा ना, तीस संच होतील का एवढ्यात?

म्हापशेकार
तीस?? हे पहिल्यांदाच कळतंय. आम्ही एक नमुना समजून बोलत होतो.

कागदगंध
वाचनालयात मुलांची कार्यशाळा आहे, तीस मुलं, पाचवी ते सातवी. प्रत्येकाला एक संच. मुलं तिथेच जोडणार. एक नमुना तर माझा हाताने कापून तयारच आहे.

मास्तर_डिचोली
मुलांसाठी असेल तर मग मुलांनाच कापू द्या. आयते सुटे भाग हातात दिले की ती फक्त गोंद लावतात. कात्री धरायला, रेषेवर राहायला शिकणे हाच तर कार्यशाळेचा अर्धा भाग. मी वर्गात अशीच शिकवत आलो.

खाजन_कांठ
मास्तर, आठ बाजू आणि सात मजले म्हणजे एका संचात ५६ कोनाडे. तीस संचांचे १६८०. हे पाचवीच्या मुलाने सर्जिकल ब्लेडने कापायचे? मी तरी माझ्या मुलाच्या हातात ते ब्लेड देणार नाही.

मास्तर_डिचोली
ब्लेड मुलांना द्या असे मी म्हटलेले नाही. कात्री म्हटले. कोनाड्यांचे तुमचे म्हणणे बरोबर, ते कात्रीने होणार नाहीत.

म्हापशेकार
मग काम वाटून घ्या. कोनाडे यंत्राने, बाहेरची कड मुलांनी कात्रीने. बाहेरच्या रेषा सरळ आहेत, जमतात. त्यात दुसरा फायदा म्हणजे यंत्राला फक्त आतली भोकं कापायची, त्यामुळे अख्खा कागद एकसंध राहतो, मॅटवरून सोलताना सुटे तुकडे हरवत नाहीत, आणि अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी कड चुकत नाही. कोनाड्याभोवतीचा रंग रेषेच्या आत दोन मिलिमीटर वाढवून छापा, पांढरी फट दिसणार नाही.

पेडण्याचो
घड्या पण यंत्रानेच करा. तुटक रेषेचा काप दिला की पटकन दुमडतं.

मास्तर_डिचोली
तुटक काप देऊ नका. अष्टकोनाच्या कोपऱ्यावर छिद्रे दिसतात आणि सादळलेला कागद तिथेच फाटतो. घडीला चर पाडायची, काप नाही. शाई संपलेली बॉलपेनची रिफिल आणि स्टीलची पट्टी प्रत्येक टेबलावर ठेवा. पट्टी घट्ट धरून रिफिल एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा ओढली की चर दुहेरी होते. पाचवीचे मूल हे सहज शिकते आणि ही सवय त्याला पुढे आकाशकंदील करतानाही उपयोगी पडते.

खाजन_कांठ
घडीबद्दल मास्तरांशी पूर्ण सहमत. लेझर छपाई असेल तर टोनर (छपाईच्या पुडीचा थर) घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. म्हणून कोपऱ्यांवर गडद रंग ठेवू नका, किंवा त्याच रंगाचं स्केचपेन हाताशी ठेवा. फेव्हिकॉल थेट बाटलीतून नको, काडीने पातळ लावायला सांगा. जास्त झाला की पावसात तासभर वाळत नाही आणि मुलं कंटाळून दाबून मोडतात.

दर्यावर्दी
छपाई, कटिंग, गोंद, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा एमडीएफचा खरंच विचार करा. तीस संच लेझरवर एका दुपारी होतील.

आजोळ_प्रियोळ
मुलांनी कागद दुमडून दीपस्तंभ उभा करायचा आहे. एमडीएफमध्ये दुमडायचे काय राहिले?

कागदगंध
परत छापून आणलं. १०० ची रेघ १०० भरली, आणि खुणा यंत्राने पहिल्या फटक्यात वाचल्या. फक्त कोनाडे कापायचे असं ठरवलंय. नवं पातं घालून टेस्ट कट केला, चौकोन स्वच्छ सुटला. कमानीच्या टोकाला अजून बारीक लव राहतेय, बाकी रेषेवर आहे.

मास्तर, रिफिलचं नक्की करते. स्टीलच्या पट्ट्या सगळ्यांना पुरतील एवढ्या नाहीत, त्या गोळा करते.

खाजन_कांठ
टोकाची लव घालवायची तर कमानीचा माथा अगदी टोकदार ठेवू नका, फाइलमध्येच किंचित गोल करा. ही पाती स्वतःभोवती वळत पुढे सरकतात, तीक्ष्ण टोकाला वळताना तिथला कागद चिमटीत धरल्यासारखा ओढला जातो. सॉफ्टवेअरमधलं ओव्हरकट हे सेटिंग चालू करूनही बघा, काप टोकाच्या थोडा पुढे जातो आणि तुकडा न ओढता सुटतो.

म्हापशेकार
आणि सगळे तीस एकदम कापू नका. पाच कापा, एक पूर्ण जोडून बघा, मग उरलेले. राखीव म्हणून चार-पाच संच जास्तीचे ठेवा, कार्यशाळेत कुणाचा ना कुणाचा मजला फाटतोच.

मास्तर_डिचोली
तळाच्या अष्टकोनासाठी जाड पुठ्ठा ठेवा, तो मात्र तुम्ही स्वतः हाताने कापा. २१० च्या कागदावर सात मजले पावसाळ्यात सरळ उभे राहणार नाहीत.