‘गेट अवे विथ’ला मराठीत काय म्हणाल?

एका बालकथेचं भाषांतर करतेय. मांजराने दूध सांडलं, ओरडा धाकट्या भावाला बसला. वाक्य आहे, ‘द कॅट गॉट अवे विथ इट.’ मी ‘मांजर सुटलं’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, कुठून सुटलं? ‘मांजराला ते पचलं’ केलं, तर दूध पचल्यासारखं वाटतं. गेट, अवे, विथ सुटे सुटे येतात, एकत्र आले की अडतं.

•
‘मांजराचं खपून गेलं.’ आमच्याकडे सर्रास म्हणतात, ‘धाकटीचं सगळं खपतं.’

•
वा! आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे ‘खपवून घेणे’. करणाऱ्याचं खपतं, सोसणारा खपवून घेतो. मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवतो. मुलं ‘पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर’ करत बसतात. मी आधी फळ्यावर ‘खाऊन टाक’ लिहितो आणि विचारतो, यात टाकलं काय? मग सांगतो की तिन्ही शब्द एका दमात म्हणा, जोर ‘अप’वर द्या आणि ‘पुट अप विथ द नॉइज’मधला ‘नॉइज’ ‘विथ’च्या नंतरच ठेवा, मध्ये घुसवू नका.

•
सर, ही तुलना पटली नाही. ‘खाऊन टाक’मध्ये खाणं शाबूत राहतं. ‘पुट अप विथ’मध्ये ठेवणं उरतच नाही.

•
खपणे म्हणजे विकलं जाणं, नाहीतर राबणं. ‘आई दिवसभर खपते.’ पोरांच्या पुस्तकात नीट मराठी हवी. ‘निभावून नेले’ लिहा.

•
निभावण्यात कष्ट असतात हो काका, मांजराने कसले केले? ‘खपणे’ माझ्या मते ‘क्षप्’ धातूवरून आलं. झिजणं, संपणं. माल संपतो, माणूस झिजतो, अपराधही विरून जातो.

•
इंग्रजीत ‘विथ’सारखा शब्दयोगी वाक्याच्या शेवटी नको, या हट्टाची टर उडवणारं ‘अप विथ व्हिच आय विल नॉट पुट’ (जे मी खपवून घेणार नाही) हे वाक्य चर्चिलच्या नावावर खपवतात. ते त्यांचंच वाक्य, याला पुरावा नाही. बघा, ‘खपवणे’ इथेही!

•
हे सगळं इंग्रजीचं खूळ. परवा मला पत्र आलं, ‘आपल्या भेटीकडे पुढे पाहत आहे.’ ‘भेटीची वाट पाहतो’ म्हणायला काय झालं?

•
काका, इंग्रजीतही ते चुकतात. ‘लुक फॉरवर्ड टू मीट’ नव्हे, ‘टू मीटिंग’. तिथला ‘टू’ शब्दयोगी आहे.

•
उद्या मजकूर द्यायचाय. ‘मांजराला कुणी बोललंच नाही’ चालेल?

•
‘बोललंच’ की ‘रागावलंच’?