जुन्या रोलर कोस्टरवर व्हीआर हेडसेट बसवावेत का?

कृष्णाकाठ:

नमस्कार. सांगली जिल्ह्यात आमच्या घरचे एक लहानसे मनोरंजन उद्यान आहे. उन्हाळा पाण्याच्या खेळांवर निघतो आणि डिसेंबर-जानेवारी शाळांच्या सहलींवर. उद्यानात १२ आसनांची एकच गाडी असलेला एक मध्यम उंचीचा रोलर कोस्टर आहे. त्याला आता पंधरा वर्षे होत आली, आणि दरवर्षी येणारी मुले "यात आम्ही बसलोय" असे म्हणत त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून जातात. नवा कोस्टर घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे.

अशा वेळी एका पुरवठादाराने प्रस्ताव आणला आहे. तो २४ व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारे) हेडसेट देईल (१२ वापरात, १२ चार्जिंगला) आणि त्यांवर अंतराळ, जंगल, समुद्रतळ व सह्याद्री असे चार ॲनिमेशनपट असतील. रूळ तेच, गाडी तीच, फक्त डोळ्यांसमोरचे दृश्य बदलायचे, म्हणजे एका कोस्टरचे चार कोस्टर होतील, असे त्याचे म्हणणे आहे. काकांना हे पूर्णपणे पटले आहे. मला मात्र अशी शंका येते की हे इतके सोपे असते, तर जगातल्या मोठ्या उद्यानांनी आतापर्यंत सगळ्याच कोस्टरांवर हेडसेट लावले असते. परदेशात हा प्रयोग कितपत टिकला आणि आमच्यासारख्या लहान उद्यानासाठी व्हीआर किंवा एआर (खऱ्या दृश्यावर चित्र उमटवण्याचे तंत्र) यांचा खरा उपयोग कोठे आहे, हे या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे.

रांगमोजणी:

तुमची शंका योग्य आहे. मी आखाती देशातील एका मोठ्या उद्यानात अकरा वर्षे राइड-संचालनाचे काम पाहिले आहे, त्यामुळे माझे उत्तर रांगेच्या बाजूने येईल.

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. २०१६ साली इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्सने आपल्या २००२ सालच्या 'एअर' या कोस्टरला 'गॅलॅक्टिका' असे नवे नाव देऊन प्रत्येक प्रवाशाला हेडसेट दिला. तो कोस्टर पालथे झोपून उडण्याचा असल्यामुळे अंतराळातील उड्डाणाची कल्पना त्याला शोभणारीही होती. त्याच वर्षी अमेरिकेत सिक्स फ्लॅग्सने सॅमसंगच्या सहकार्याने आपल्या अनेक उद्यानांत हेडसेट आणले. त्यांत लॉस एंजेलिसजवळचा १९७६ सालचा 'रेव्होल्यूशन' हा कोस्टरही होता. म्हणजे जुन्या कोस्टरला नवे रूप देण्याचा तुमच्या पुरवठादाराचा मुद्दा तेव्हा सगळ्यांनाच पटला होता. ऑर्लँडोच्या सीवर्ल्डने २०१७ साली 'क्राकेन'वर हेच केले. यांपैकी कोठेही हेडसेट फार काळ टिकले नाहीत. काही हंगामांतच ते उतरवले गेले, कोस्टर मात्र चालू राहिले.

याचे कारण तुमच्याच आकड्यांवरून पाहता येईल. तुमची एक फेरी चढण्या-उतरण्यासह तीन मिनिटांत होते असे धरले, तर तासाला २० फेऱ्या म्हणजे २४० माणसे होतात. आता प्रत्येकाला हेडसेट द्यायचा, पट्टा आवळायचा, चित्र स्पष्ट दिसते का हे विचारायचे, एखाद्याचा हेडसेट चालू होत नसेल तर तो बदलायचा, आणि त्यानंतर सुरक्षादांडा तपासायचा. परत आल्यावर बाराही हेडसेट काढून, पुसून ठेवायचे. यात आणखी तीनच मिनिटे गेली असे समजा (मी उदारपणे बोलतो आहे), तरी तुमचा कोस्टर तासाला १२० माणसांवर येतो. मे महिन्यातील रविवारी रांग दुप्पट होईल, आणि रांगेत ताटकळलेला माणूस घरी जाऊन चित्रपटाचे नव्हे, रांगेचेच वर्णन करतो. शिवाय फलाटावर आज दोन माणसे पुरत असतील, तेथे चार लागतील.

एक गोष्ट कोणत्याही प्रस्तावात लिहिलेली नसते, ती म्हणजे डोक्याचे तेल. आपल्याकडे खोबरेल तेल, गजरा, टिकली, घाम आणि मे महिन्याचा धुरळा हे सगळे त्या फोमच्या गादीवर येऊन बसते. दिवसाला काहीशे चेहऱ्यांना लागणारी ती गादी केवळ ओल्या पुसणीने स्वच्छ होत नाही. प्रत्येक माणसामागे कागदी आच्छादन आणि जादा गाद्या यांचा हिशेब प्रस्तावात आहे का, ते अवश्य पाहावे.

ऱ्हाईनकाठी:

मी स्टुटगार्टला राहतो आणि दक्षिण जर्मनीतील रुस्ट येथील युरोपा-पार्कला मुलांबरोबर बऱ्याचदा जातो. या तंत्राचे एक माहेरघरच ते आहे, म्हणून थोडी तांत्रिक बाजू मांडतो. २०१५ साली तेथील 'आल्पेनएक्सप्रेस' या कोस्टरवर हेडसेट आले. तो कोस्टर खाणीतल्या गाडीसारखा, लहान मुलांनाही झेपणारा आहे. विशेष म्हणजे तेथे हेडसेट ऐच्छिक होता, त्यामुळे ज्यांना नको ते तसेच बसत.

तंत्रातली खरी अडचण चित्र दाखवण्यात नाही, ते रुळाशी जुळवण्यात आहे. कोस्टर घड्याळाप्रमाणे धावत नाही. सकाळी चाके गार असताना तो हळू असतो, दुपारी तापल्यावर वेगात जातो, आणि गाडीत बारा मोठी माणसे आहेत की सहा शाळकरी मुले आहेत यावरही वेग बदलतो. त्यामुळे 'गाडी सुटली की चित्रपट सुरू' अशी व्यवस्था असेल, तर तिसऱ्या वळणापर्यंत चित्र आणि शरीर यांची फारकत होते. चांगल्या यंत्रणेत गाडीवर एक पेटी असते. ती चाकांच्या फिरण्यावरून गाडी रुळावर नेमकी कोठे आहे हे मोजते आणि प्रत्येक हेडसेटला बिनतारी कळवत राहते.

दुसरी गुंतागुंत याहूनही बारीक आहे. हेडसेटमधील संवेदकाला डोके किती वळले एवढेच कळते. ते प्रवाशाने स्वतः वळवले की गाडीने वळवले, हा फरक त्याला कळत नाही. म्हणून रुळाचा संपूर्ण आराखडा आधीच यंत्रणेत भरून, गाडीचे वळणे वजा करून, उरलेले वळणे प्रवाशाचे असे मानावे लागते. यातली चूक हळूहळू साठत जाते आणि काही फेऱ्यांनंतर 'समोर' ही दिशाच सरकते. भोवताली सगळे पोलाद असल्याने चुंबकीय होकायंत्राचाही भरवसा नसतो. तेव्हा पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा: चित्रपट वेळेवर चालतो की गाडीच्या स्थानावर? उत्तर देताना तो अडखळला, तर पुढची बोलणी तेथेच थांबवावीत.

रांगेच्या अडचणीवर याच उद्यानाने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. २०१८ साली नव्याने बांधलेल्या 'युरोसॅट'वर व्हीआरच्या प्रवाशांसाठी प्रवेशद्वार आणि चढण्याची जागा दोन्ही वेगळी ठेवली आणि त्याचे शुल्कही वेगळे आकारले. त्यामुळे त्यांच्या तयारीचा वेळ साध्या रांगेवर पडत नाही. पण त्यासाठी रूळ, फलाट आणि इमारत मुळापासून तशी आखावी लागते. पंधरा वर्षांच्या कोस्टरला ते शक्य होईल असे मला वाटत नाही.

कर्णपटल:

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. उद्यानाच्या धंद्यातले मला काही कळत नाही, परंतु वरील चर्चेत प्रवाशाच्या शरीराचा विचार थोडा मागे राहिला आहे.

आपल्या प्रत्येक आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोक्याचे फिरणे टिपतात. सरळ रेषेतील वेगबदल आणि गुरुत्वाकर्षण टिपणारे दोन अवयव वेगळे असतात. डोळे सांगतात ते आणि कान सांगतो ते जुळले नाही, की मळमळ सुरू होते. घाटात एसटीमध्ये पुस्तक वाचणाऱ्याला जे होते, तेच हे आहे. या दृष्टीने कोस्टरवरील व्हीआर हा खुर्चीवर बसून पाहायच्या व्हीआरपेक्षा तत्त्वतः बरा ठरतो, कारण चित्रात वळण येते तेव्हा शरीरही खरोखरच वळते. मात्र हा फायदा चित्र अचूक जुळलेले असेपर्यंतच मिळतो. ते जरासे मागे पडले, की दोन्हींकडचे नुकसान पदरात पडते. म्हणून ऱ्हाईनकाठी यांनी सुचवलेला प्रश्न आरोग्याच्या दृष्टीनेही पहिला आहे.

मानेचाही विचार करावा. अर्ध्या किलोचा हेडसेट ३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) इतक्या बलाच्या वळणावर दीड किलोसारखा भासतो, आणि तोही चेहऱ्याच्या पुढे लटकलेला असतो. निरोगी तरुण माणसाला ते चालून जाईल. मानेच्या मणक्यांचा त्रास, अपस्मार, अर्धशिशी किंवा चक्कर येण्याचा विकार असलेल्यांना हेडसेट देऊ नये, आणि तशी सूचना मराठीत, ठळक अक्षरांत, रांगेच्या सुरुवातीलाच लावावी. फलाटावर पोचल्यानंतर कोणीही मागे फिरत नाही.

तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वयाचा आहे. बाजारातील बऱ्याच हेडसेटसाठी उत्पादक १३ वर्षांची किमान मर्यादा सांगत आले आहेत. क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीने २०२३ साली ती पालकांच्या देखरेखीखाली १० वर्षांपर्यंत खाली आणली. तुमच्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या सहली चौथी ते सातवीच्या असतील, तर त्यांतली बहुतेक मुले १३ च्या अलीकडची निघतील आणि त्यांचे पालक तर सोबत नसतील. मग संमती कोण देणार, वर्गशिक्षक?

कृष्णाकाठ:

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वयाचा मुद्दा आमच्या कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. आमच्या सहली बहुतेक पाचवी ते सातवीच्याच असतात. पुरवठादाराला आज दूरध्वनीवर स्थानाचा प्रश्न विचारला, तेव्हा "आमचे सॉफ्टवेअर आपोआप जुळवून घेते" असे उत्तर मिळाले. मी थांबलो.

पण मग एआरचे काय? डोळे झाकले जात नाहीत आणि खऱ्या जगावरच चित्र उमटते, त्यामुळे मळमळ आणि भीती दोन्ही कमी होत असतील असे वाटते. पुढचे वळण एआरचेच आहे, असेही वाचनात येते.

रांगमोजणी:

एआरचे आज सर्वांत नावाजलेले उदाहरण म्हणजे ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपानमधील 'मारिओ कार्ट' या व्हिडिओ गेमवरची राइड. ती मार्च २०२१ मध्ये सुरू झाली आणि २०२३ साली हॉलिवूडच्या उद्यानातही आली. मी ओसाकाला गेलो तेव्हा खेळापेक्षा फलाटच अधिक पाहत होतो, ही आमची जुनी खोड. त्यांनी हेडसेटचे दोन तुकडे केले आहेत. डोक्यावरची टोपीसारखी पट्टी रांगेतच मिळते आणि ती आवळण्याचे काम तेथेच, कोणाचाही वेळ न घेता होते. महागडी काच मात्र गाडीलाच तारेने बांधलेली असते, आणि बसल्यावर ती पट्टीला चुंबकाने चिकटवायची. आकड्यांच्या दृष्टीने पाहिले तर माझ्या मते त्या संपूर्ण राइडमधील सर्वांत हुशारीची गोष्ट हीच आहे.

तेथे खरे देखावे, पडदे, धूर आणि प्रकाश हे सारे आधीच भक्कम उभे आहे, एआरने त्यावर फक्त खेळातले शत्रू आणि त्यांच्यावर फेकायची कासवाची कवचे घातली आहेत. काच काढून ठेवली तरी पाहण्यासारखे पुष्कळ उरते. गाडी हळू चालते म्हणून काहीजण नाराजही होतात, पण हळू असल्यामुळेच नेम धरता येतो. आणि हे सगळे बंद, अंधाऱ्या इमारतीत आहे. तुमचा कोस्टर उघड्यावर आहे. दुपारी बाराच्या उन्हात पारदर्शक काचेवरचे चित्र दिसणार नाही, आणि पाहुण्यांच्या मोबाइलवर एआर दाखवायचे म्हटले तर पडदा डोळ्यांवर चमकेल, नेटवर्क रांगेत उभे राहील आणि हातातला फोन पाण्याच्या तळ्यात जाईल.

खेळगडी:

येथे सगळेच नकार देत आहेत, म्हणून थोडे उलट लिहितो. हेडसेटचे अपयश हे 'कोस्टरवरील' हेडसेटचे अपयश आहे. स्वतंत्र दालनात, मोजक्या माणसांना, वेगळ्या तिकिटावर दिला जाणारा व्हीआर आजही अनेक ठिकाणी चालतो. युरोपा-पार्कनेच २०२० साली 'युल्बे' हे चालत फिरण्याचे व्हीआर केंद्र सुरू केले. तेव्हा तंत्रज्ञानालाच दोष देऊ नये, जागा चुकली असे म्हणावे.

रांगमोजणी:

मान्य आहे, पण दालनही सावधपणे निवडावे लागते. लंडनजवळच्या थॉर्प पार्कने २०१६ साली 'घोस्ट ट्रेन' व्हीआरवर आधारून बांधली होती, म्हणजे तेथे जुन्या राइडला हेडसेट चिकटवण्याचा प्रकार नव्हता, तरीही २०२३ साली हेडसेट काढून ती नव्या स्वरूपात उघडावी लागली. उपकरणांचे आयुष्य हाही त्यातला एक भाग असतो. २०१६ मध्ये सिक्स फ्लॅग्सने वापरलेला 'गिअर व्हीआर' हा सॅमसंगचा हेडसेट आत फोन घालून चालत असे, आणि २०१९ साली आलेल्या सॅमसंगच्याच नोट १० या फोनमध्ये त्याची सोयच राहिली नाही. रूळ तीस वर्षे टिकतो, हेडसेट तीन वर्षांत जुना होतो. पुरवठादाराचा करार किती वर्षांचा आहे, तेही पाहावे.

उदाहरणासाठी ओसाकापर्यंत जाण्याचीही गरज नाही. खोपोलीच्या इमॅजिकात अलिबाबाच्या राइडमध्ये बंदुका गाडीलाच बसवलेल्या आहेत, आणि 'आय फॉर इंडिया'मध्ये डोक्यावर काहीही न घालता माणूस भल्यामोठ्या पडद्यासमोर तरंगतो. आजूबाजूच्या माणसांचे ओरडणे त्याला ऐकू येते, शेजारच्याचा चेहराही दिसतो. सहलीला आलेल्या मुलांना तेच अधिक हवे असते.

कृष्णाकाठ:

काकांशी आज सविस्तर बोलणे झाले. कोस्टरवर हेडसेट बसवायचे नाहीत, एवढे ठरले. त्याऐवजी दोन वर्षांपासून बंद पडलेल्या भूतबंगल्यात सहा आसनांचे स्वतंत्र व्हीआर दालन करता येईल का, तिकीट वेगळे, वय १३ च्या पुढे, असा विचार आहे. पुरवठादाराकडून एका रविवारपुरते सहा हेडसेट मागवले आहेत. मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहीन आणि प्रत्येक गटाला किती वेळ लागतो ते लिहून येथे टाकीन.

कर्णपटल:

वेळ लिहिताना, बाहेर पडल्यावर किती जण भिंतीचा आधार घेतात, तेही मोजावे. दालनाच्या दाराशी पायरी असेल तर ती आधी काढून टाकावी आणि बाहेर एक बाक ठेवावे.

रांगमोजणी:

आणि चष्मा असलेल्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करा. त्यांना नेहमी जास्त वेळ लागतो, आणि शाळकरी मुलांतही ते आता बरेच असतात.

कृष्णाकाठ:

दोन्ही करतो. पायरी आहे, ती उद्याच फोडून उतार करून घेतो.